ओळ सरळ आहे

आमच्या मोठीआईला कारखान्यात सगळे ‘धाडधाड’ म्हणायचे. मोठीआई म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको, आईची मोठी जाऊ. हे नाव पडलं ते तिच्या पंजामुळे. पंजा म्हणजे लाकडी मुठीचं, लोखंडी दातांचं जड हत्यार. उभ्या दोऱ्यांतून आडवा धागा ओवला की तो पंजानं ठोकून खाली बसवायचा असतो. बाकीच्या बायका ठोकायच्या, मोठीआई बडवायची. मुकादम म्हणायचा, “धाडधाड कामाला बसली की मी कानांत बोळे घालतो.” त्यावर ती मान न वळवता म्हणायची, “कानांत कशाला? डोक्यात आहेत तेवढे पुरेत की!”

तिचा तो उजवा हात कसा गेला, ते मला सांगायचं आहे. तिचं दुखणं काही जगावेगळं नव्हतं. जगावेगळी होती ती आमची माणसं, आणि त्यांत माझी आई पहिली.

आमच्याकडे लोकरीच्या सतरंज्या विणतात. गालिच्यासारख्या गाठी नाहीत, वर मऊ लव नाही, साधी सपाट वीण, दोन्ही अंगांनी सारखी. म्हणून बघणाऱ्यांना वाटतं, ह्यात काय मोठंसं. अशी माणसं भेटली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. गालिच्यात चूक झाली तर लव ती पोटात घालते, सतरंजीत लपवायला जागाच नसते. आडवा धागा असा दाबून बसवावा लागतो की उभा दोरा कुठेही डोकावता कामा नये. नीट ठोकलेली सतरंजी हातात घेतली तर पुठ्ठ्याइतकी ताठ लागते. ठोकण्यात कसर राहिली की ती पांघरुणासारखी लोळते, आणि जमिनीवर टाकली की चार दिवसांत तिला सुरकुत्या पडतात. जिथे दोन रंग शेजारी येतात तिथे प्रत्येक धागा आपापल्या हद्दीतून मागे वळतो आणि मध्ये एक उभी चीर राहते. त्या चिरा मागच्या बाजूनं शिवणं हे माझं काम. त्यामुळे माझा दिवस मागाच्या पाठीमागे जायचा आणि आई अन् मोठीआई मला दोऱ्यांच्या फटींतून दिसायच्या.

रुंद मागावर दोघी शेजारी शेजारी बसतात. एक फळी, डावी अर्धी सतरंजी एकीची, उजवी दुसरीची. दोघींचा हात एक असावा लागतो. एकीचा हात हलका पडला तर तिचे धागे कमी दबतात आणि तिची बाजू भराभर वर चढते. विणीची वरची कड मग तिरकी दिसायला लागते. त्या कडेला आम्ही ओळ म्हणतो. रोज काम सुटताना मुकादम लाकडी पट्टी लावून ओळ बघतो. कुणाला ताप असो, कुणाचं घरी भांडण झालेलं असो, कुणाला दिवस गेलेले असोत, बाई बोलायच्या आधी ओळ बोलते, असा इथे सगळ्यांचा ठाम समज. एवढा, की एकमेकींची खुशाली विचारायचीही तीच पद्धत पडली. “कशी आहेस गं?” म्हटलं की उत्तर येतं, “ओळ सरळ आहे.” पुढे कुणी विचारत नाही.

आई आणि मोठीआई घरात कशावरूनही भांडायच्या. खिडकी उघडी ठेवायची की बंद, इथपासून सुरुवात. पण फळीवर बसल्या की दोघींचा हात एक. तो तसा असणारच, कारण आई लग्न होऊन आली तेव्हा तिला सुई कुठल्या बाजूनं धरायची हेही माहीत नव्हतं आणि मोठीआईनंच तिच्या मनगटावर आपला हात ठेवून तिला ठोकायला शिकवलं. काका लवकर गेले. मोठीआईला मूलबाळ नाही. बाबा तिचा शब्द कधी खाली पडू देत नसत, तरी आपण कुणाच्या जिवावर नाही, आपल्या हातावर आहोत, हे ती दिवसातून एकदा तरी ऐकवायची. आम्हाला ते ऐकायची सवय झाली होती.

त्या वर्षी मोठी सतरंजी मागावर चढली. कुठल्याशा सभागृहासाठी, लाल जमीन आणि गडद निळी किनार. मुकादमानं ती ह्या दोघींनाच दिली आणि बाकीच्या मागांवरच्या बायकांची तोंडं वाकडी झाली. सुरुवातीचा भाग मी शिवला तेव्हा सुई आत घालताना अंगठा दुखायचा, इतकी घट्ट वीण होती. मी कुरकुर केली तर मोठीआई पुढून ओरडली, “मग काय, तुझ्या सुईसाठी भोकं ठेवू?”

मग कप फुटला. सकाळचा चहा पिताना तिच्या हातातून सुटला आणि जमिनीवर त्याचे तुकडे झाले. तिनं कपाला शिव्या दिल्या. पुढे एकदा ती निघायच्या वेळी दाराशी पाठमोरी उभी राहिलेली मला दिसली. जवळ गेले तर स्वेटरचं वरचं बटण काजात घालायची तिची झटापट चालली होती. मी लावून दिलं. तिनं माझ्या हातावर फटका मारला आणि म्हणाली, “काजं लहान केलीत मेल्यांनी.” पण ते स्वेटर ती कितीतरी वर्षं घालत होती.

मी म्हणाले, “डॉक्टरकडे जाऊ या.”

“कशाला?”

“हात दाखवायला.”

“हात दाखवायचा तर ओळ बघ,” ती म्हणाली. “जा, बघून ये. सरळ आहे का नाही?”

मी बघितली. सरळ होती. नुसती सरळ नव्हे, पट्टी ठेवली तर खालून उजेड येणार नाही अशी. हात बिघडला असता तर तिची बाजू चढली असती, हे मीही लहानपणापासून ऐकत आले होते.

त्याच सुमारास आईचा आवाज कमी झाला. म्हणजे तिच्या पंजाचा. मोठीआईच्या कानांतून असलं काही सुटणं शक्य नव्हतं. “काय गं,” ती म्हणाली, “हात झोपला का तुझा?” आई म्हणाली, “खांदा भरून आलाय, ताई.” झालं. त्या संध्याकाळपासून मोठीआई घरी आली की मलमाची डबी घेऊन आईच्या मागे बसायची आणि तिचा खांदा चोळायची. चोळता चोळता बोलणी चालूच. तुला बसायची पद्धत नाही, तू मान वाकवतेस, तू माझं कधी ऐकलं नाहीस. आई खाली मान घालून चोळून घ्यायची. एकदा मी समोरच बसले होते आणि माझं लक्ष मोठीआईच्या उजव्या हाताकडे गेलं. बोटं आईच्या खांद्यावरून नुसती फिरत होती. दाब असा काही नव्हताच. आणि आईचे डोळे मिटलेले होते, पण त्यांतून पाणी येत होतं.

मला वाटलं, खांदा फारच दुखत असेल. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

मला कळलं ते सुईमुळे. वरच्या भागातली चीर शिवायला घेतली आणि सुई बोटाला न सांगता आरपार गेली. मी थांबले. वीण चिमटीत धरून बघितली, मऊ लागली. हात खाली नेत नेत चाचपत गेले. खाली पुठ्ठा, वर पांघरूण. मोठीआईच्या बाजूला तसं, आणि आईच्या बाजूलाही अगदी तसंच. मुकादम रोज पट्टी लावत होता, पण त्यानं वीण कधी चिमटीत धरली नव्हती. धाडधाडच्या विणीला कोण कशाला हात लावून बघेल? दोघी सारख्याच हलक्या झाल्या होत्या, म्हणून ओळ सरळ होती.

आईला मी कारखान्याच्या मागे नळावर गाठलं. ती हात धूत होती.

“तुझ्या खांद्याला काय झालंय?” मी विचारलं.

“भरलाय. सांगितलं ना.”

“पंजा उचल आणि माझ्यासमोर ठोकून दाखव.”

आईनं माझ्याकडे बघितलं आणि तिला समजलं की मला समजलंय. नळ चालूच राहिला. “हळू बोल,” ती म्हणाली. “तिचा हात थकलाय. तिची बाजू चढायला लागली होती. मुकादमानं पट्टी लावली असती की दुसऱ्या दिवशी तिला तिकडे लोकरीच्या लड्या उलगडायला बसवलं असतं, म्हाताऱ्यांत. तिला ते सोसलं नसतं. तुला माहीत नाही का ती?”

“म्हणून तूही हलकं ठोकायला लागलीस?”

“एवढी सतरंजी होऊन जाऊ दे. मग मी बोलते तिच्याशी.”

“आई, तिला बटण लावता येत नाही! हात थकला म्हणून बटण लागत नाही का कुणाला? मी डॉक्टर म्हटलं की ती मला ओळ दाखवते. आणि ती ओळ तू सरळ ठेवतेस!”

आईचा चेहरा एकदम उतरला. ह्या बाजूनं तिनं कधी विचारच केला नव्हता. तिच्या मनात एकच भीती होती, मुकादमाची. मोठीआई त्या ओळीकडे स्वतःची नाडी बघावी तसं बघते आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. मला तिची कीव यायला हवी होती. मला संताप आला. मी म्हणाले, “तू सांगतेस की मी सांगू?” ती नळाकडे बघत राहिली, म्हणून मीच आत गेले आणि मोठीआईला सांगितलं.

तिनं माझं ऐकून घेतलं आणि हसली. “वेडी का काय तू? माझा हात हलका?” मग आई फळीवर येऊन बसली तेव्हा तिच्याकडे न बघता म्हणाली, “ठोक. तुझ्या खऱ्या हातानं ठोक. बघू या कुणाची बाजू चढते.”

“ताई, राहू दे ना.”

“ठोक म्हणते ना!”

आईनं ठोकायला सुरुवात केली. किती दिवसांनी तो खणखणीत आवाज आला. बाजूच्या मागांवरच्या बायका वळून बघायला लागल्या. मोठीआईही जीव खाऊन ठोकत होती. तिच्या कपाळावर घाम आला, ओठ आवळले गेले, पंजा वर जाताना नीट जायचा आणि खाली येताना नुसता पडायचा. मी मागून बघत होते. काम सुटेपर्यंत तिची बाजू दोन बोटं वर गेली होती. मुकादम पट्टी घेऊन आला, पण त्यानं ती लावली नाही. काखेतच धरून उभा राहिला.

मोठीआईनं ओळ बघितली. डावीकडून उजवीकडे एकदा आणि उजवीकडून डावीकडे एकदा. मग पंजा फळीवर ठेवला आणि मला म्हणाली, “कुठे आहे तुझा डॉक्टर?”

डॉक्टरांनी तिला बोटं मिटायला लावली, उघडायला लावली, पायांच्या बोटांवर उभं केलं, मानेचे फोटो काढले. “हे कधीपासून होतंय?” त्यांनी विचारलं.

“दोन हात झाले,” मोठीआई म्हणाली.

डॉक्टरांना वाटलं तिला प्रश्न कळला नाही. “दोन्ही हातांना होतंय का, असं नाही विचारलं. किती दिवस झाले?”

“सतरंजी दोन हात वर आली, तेवढे दिवस,” मी सांगितलं आणि हिशेब करून महिने सांगितले. त्यांनी ते लिहून घेतलं. मानेतला मणका सरकून आतल्या मज्जारज्जूवर दाब येतोय, ते म्हणाले. शस्त्रक्रिया करावीच लागेल, नाहीतर पायांतलीही ताकद जाईल. आहे ते त्यानं वाचेल. गेलेलं परत येईल असं सांगता येत नाही. “थोडं आधी यायला हवं होतं,” असंही म्हणाले. चांगले होते डॉक्टर, कुणाला दोष द्यावा म्हणून बोलले नाहीत. पण मोठीआईनं हळूच मान वळवली आणि आईकडे बघितलं. आईनं मान खाली घातली. त्या नजरेनं माझ्या काळजात चर्र झालं आणि खरं सांगते, त्याच वेळी आईला ती नजर मिळाली म्हणून मला बरंही वाटलं.

शस्त्रक्रिया झाली. पायांत येऊ घातलेला कमकुवतपणा थांबला. हात परत आला नाही. कप धरता यायचा, चमचा धरता यायचा, पंजा नाही. मोठीआईनं आईशी बोलणं टाकलं. एकाच खोलीत बसून ती मला म्हणायची, “तुझ्या आईला सांग, खिडकी लावून घे.” आई उठून खिडकी लावायची. पूर्वी ह्याच खिडकीवरून दोघींनी घर डोक्यावर घेतलं असतं. ते भांडण मला इतकं हवंहवंसं वाटेल, असं कधी वाटलं नव्हतं.

सतरंजी मागावर तशीच होती. मुकादमानं शेवटी वीण चिमटीत धरून बघितली आणि कपाळावर हात मारून घेतला. मऊ भाग सगळा उसवायचा आणि पुन्हा विणायचा, दुसरा इलाज नव्हता. आईच्या शेजारी बसायला त्यानं पलीकडच्या वस्तीतली एक बाई ठरवली, ती सोमवारपासून येणार होती. उसवायचं काम आम्ही मायलेकी करणार होतो. मोठीआई म्हणाली, “माझी बाजू मी उसवीन. उसवायला डावा हात चालतो.” मुकादम एरवी तिच्या तोंडाला तोंड द्यायचा. त्या दिवशी नुसता “बरं” म्हणाला.

विणण्यापेक्षा उसवणं वाईट. ज्या वाटेनं धागा गेला त्याच वाटेनं तो परत काढायचा, एक एक, तोही तुटू न देता. पुन्हा दोघी एका फळीवर, पुन्हा मी मागे, आणि पंजाचा आवाज नाही. धागा निघताना नुसती सरसर होते. लाल लोकरीचे ढीग दोघींच्या पायांशी वाढत गेले. आम्ही खाली खाली येत होतो आणि वीण हळूहळू घट्ट होत होती.

एके ठिकाणी मोठीआई थांबली. आपल्या बाजूची वीण तिनं डाव्या अंगठ्यानं दाबली. मग हात लांबवून आईच्या बाजूची दाबली. तिथे आईचा हात अजून भारीच होता, मोठीआईचा मात्र हलका पडायला लागला होता. तरीही ओळ सरळ होती. ती पुढे वाकली आणि नखानं आईच्या बाजूचा एक धागा वर काढला. तो हद्दीपर्यंत गेलाच नव्हता, अर्ध्यातूनच परत फिरला होता. त्याच्याखाली आणखी एक तसाच. लालात लाल, म्हणून मलाही मागून कधी दिसले नव्हते.

“हे काय?” ती म्हणाली. दवाखान्यानंतर आईला उद्देशून तिचा हा पहिला शब्द.

“भर,” आई म्हणाली. “तुझी बाजू चढली होती. माझी बरोबरीला आणायला जास्तीचे फेरे घातले. पुढे पुढे किनारीची नक्षी बिघडायला लागली, म्हणून मग हातच हलका केला.”

“म्हणजे तुला इथंच कळलं होतं.”

“हो.”

“आणि बोलली नाहीस.”

“नाही बोलले.” आईला रडू फुटलं. “तुला लड्या उलगडायला बसवतील म्हणून, असं मी पोरीला सांगितलं. स्वतःलाही तेच सांगत होते. पण ते सगळं खरं नाही, ताई. मला दुसऱ्या कुणाच्या शेजारी बसायचं नव्हतं. तू उठलीस तर मी काय करू, एवढंच होतं माझ्या डोक्यात. तुझ्या हाताचं मी बघितलंच नाही.”

मी मागे सुई धरून उभी होते. आता मोठीआई तिला फाडून खाणार, असं मला वाटलं. खावं, असंही वाटत होतं. पण मोठीआई तो अर्धा धागा बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, “मलाही इथंच कळलं होतं.”

आईनं मान वर केली.

“ह्याच जागी पंजा माझ्या मुठीतून निसटला. मांडीवर पडला. तू पाणी प्यायला गेली होतीस. मी घाबरले गं. उचलला आणि आधी काय केलं, तर ओळ बघितली. सरळ दिसली. एवढं बरं वाटलं मला, एवढं बरं वाटलं, की काय सांगू. मग कप फुटला, मी ओळ बघितली. बटण लागेना, ओळ बघितली. तुझा खांदा चोळताना ह्या बोटांना तुझी हाडंसुद्धा लागत नव्हती. दुसऱ्या दिवशी इथे आल्या आल्या मी ओळ बघितली. तू ती सरळ ठेवलीस हे खरं. पण दिवसातून दहादा तिच्याकडे कोण बघतं? ज्याला ठाऊक असतं तोच ना?”

त्या दोघींपैकी कुणाकडे बघावं मला कळेना. इतके दिवस माझा सगळा राग मी आईवर ठेवला होता आणि आता तो ठेवायला जागा उरली नव्हती. आईनं मोठीआईचा उजवा हात धरला. मोठीआईनं तो काढून घेतला नाही. काढून घ्यायची ताकद त्यात होती की नव्हती, ते मला मागून कळलं नाही.

थोड्या वेळानं दोघी परत उसवायला लागल्या. आणखी चार बोटं खाली आल्यावर धागा निघेना. मोठीआईनं वीण दाबून बघितली, नखानं टोचून बघितली. ती पुठ्ठ्यासारखी ताठ होती.

“बस,” ती म्हणाली. “इथून खाली मी आहे. ह्याला हात लावू नका.”

मग तिनं पायांवरची लोकर झटकली आणि फळीवरून उठली. उठताना तिला आईच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला.

“सोमवारी ती नवी येईल,” ती आईला म्हणाली. “तिची बाजू चढली तर भर घालू नकोस. त्याच दिवशी तिला सांग.”